एका दाराला एक किल्ली

५ नोव्हेंबर

समोर दुकान उघडलं. दुकान कसलं, काचेचा डबा. आत पांढरेफटक दिवे, दाराला फुगे, आणि फळ्यांवर रांगेने मांडलेली कुलपं, ज्यांना किल्लीच नाही. आकडे दाबायचे किंवा बोट टेकवायचं, की दार उघडलं. म्हणजे उद्या माणूस घोरत पडलेला असताना त्याचं बोट उचलून टेकवलं की झालं. पण एवढा विचार करायला डोकं लागतं.

मालक चाळिशीच्या आतला आहे. सकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन पाया पडायला आला. "काका, आशीर्वाद असू द्या. माल एकदम चकाचक आहे." दर दुसऱ्या वाक्यात चकाचक. मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं. बिस्किटं सादळलेली होती.

आजपासून ही वही लिहायची ठरवलं आहे. वडिलांनी हे दुकान टाकलं, मी वाढवलं. अर्ध्या गावाच्या दारांना माझ्या हातची कुलपं आहेत. आता लोक ती काढून हे खेळणं का बसवतात, याचं एकेक कारण लिहून ठेवायचं. पुढे कोणी विचारलं की माणसांची अक्कल नेमकी कधी गहाण पडली, तर पुरावा हवा.

११ नोव्हेंबर

गंमत बघा. चकाचकची पोरं नवीन कुलूप बसवतात, पण दाराच्या लाकडात घट्ट बसलेलं जुनं कुलूप त्यांना काढता येत नाही. पटाशी मारली की फळी चिरते. मग गिऱ्हाईक येतं कोणाकडे? माझ्याकडे. म्हणजे मी बसवलेलं कुलूप मीच काढायचं. काढण्याचे पैसे बसवण्याच्या पैशांपेक्षा जास्त सांगतो, आणि लोक निमूट देतात.

आज पहिलं काम झालं. बँकेतले साहेब. दार उत्तम, कुलूप उत्तम, वीस वर्षांत एकदा तेल मागितलं नाही त्याने. मी विचारलं, "याचं काय बिघडलं होतं, साहेब?"

"बिघडलं असं काही नाही. पण वरच्या मजल्यावर बसवलं ना."

एवढंच. वरच्याने बसवलं म्हणून याने बसवलं. वरचा उद्या गच्चीवरून उडी मारेल तर हाही कठड्यावर चढेल. घरातून बाहेर पडताना साहेबांनी तीनदा आकडे दाबून दाखवले. दार तीनदा टुंग वाजलं आणि तीनदा ते माझ्याकडे बघून हसले. मी वहीत लिहून ठेवतो. कारण: शेजारी.

१४ नोव्हेंबर

आज मास्तरांकडे. निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली, बायको गेली, एकटेच राहतात. त्यांचं कुलूप माझ्या खास कामांपैकी. पण किल्लीच्या भोकाभोवतीची पितळी पट्टी बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसते ओरखडे! मांजराने नखं पाजळावीत तसे. माणसाने जन्मभर पोरांना नीटनेटकेपणा शिकवला आणि स्वतःच्या दाराची ही दशा.

"मास्तर, किल्ली भोकात घालायची असते, आजूबाजूला नाही," मी म्हटलं.

ते हसले. "भोक सापडत नाही रे हल्ली."

"दिवा लावा जिन्यात."

"दिवा आहे."

चहा त्यांनीच केला. कप माझ्यापर्यंत येईतो निम्मा बशीत होता. मी म्हटलं, बसा, मी घेतो. नवीन कुलपाला ते नुसता हाताचा पंजा टेकवतात आणि एक बोट आपोआप लागतं, दार उघडतं. लहान मुलासारखे खूश झाले होते. निघताना म्हणाले, "आता फिरायला जातो रोज संध्याकाळी. मधे बंदच झालं होतं."

फिरायला जायचा आणि कुलपाचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक. कारण: आळस. या वयात सगळं आयतं हवं असतं.

१८ नोव्हेंबर

दवाखान्यात काम करणारी एक मुलगी. एका घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहते. खोलीला कुलूप माझंच, किल्ली घरमालकिणीकडे. मुलीने स्वतःच्या पगारातून चकाचककडचं सगळ्यात साधं यंत्र आणलं. मी जुनं कुलूप काढत असताना मालकीणबाई दारात उभ्या. "मी काय घरात नसते? कधीही ये, मी उघडतेच ना दार? उशीर का झाला एवढं विचारलं तर बिघडलं कुठे?"

कुलूप बसल्यावर मुलगी आत गेली, दार लावलं, पुन्हा उघडलं, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मालकीणबाईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मला त्यांची दया आली. फुकटात दार उघडून देणारं माणूस असताना पोरगी पैसे मोजून यंत्र आणते.

कारण: फॅशन.

२० नोव्हेंबर

साथ घरापर्यंत आली. जेवताना ही म्हणाली, "आपल्याकडेही बसवू या का ते आकड्यांचं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. कुलूपवाल्याच्या दाराला आकडे! चारचौघांत नाक कापलं जाईल. आमच्या दाराला वडिलांनी स्वतः घडवलेलं सात लिव्हरचं कुलूप आहे. तसं कुलूप आता बघायला मिळत नाही. त्याची किल्ली एकच आणि ती माझ्या गळ्यात, दोरीला. वडील म्हणायचे, एका दाराला एक किल्ली, दुसरी केली की कुलूप अर्धं झालं.

हिलाही होती खरं तर एक किल्ली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाजारात हरवून आली. मी रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळे लिव्हर बदलले, नवी किल्ली घासली, एकच. हिच्यासाठी दुसरी करायची म्हणून पितळेची कोरी किल्ली व्हाइसच्या जबड्यात लावलीही होती, दोन-तीन खाचा पाडल्याही होत्या. मग कोणीतरी तिजोरी घेऊन आलं आणि ते राहिलं. गिऱ्हाईक आधी.

तसा काही खोळंबा होत नाही. ही शाळेच्या कचेरीत आहे, दुपारी चारला सुटते. मी दुकान बंद करून सातला येतो. मधला वेळ ही जिन्यात बसते, समोरच्या वहिनींशी गप्पा मारते. बायकांना गप्पांची आवड असतेच. आमची लेक तर जिन्यावर बसून अभ्यास करून पहिली यायची. मी सगळ्यांना कौतुकाने सांगतो.

हे सगळं मी हिला समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आकड्यांचं नको. मग एक किल्ली करून द्या."

"करतो की. हातातली कामं उरकली की करतो."

ही हसायला लागली. पाणी पिताना ठसका लागेपर्यंत हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

२७ नोव्हेंबर

चकाचक दुकानात येऊन बसला. म्हणाला, "काका, माझ्याकडे या ना. बसवायचं काम तुमच्याइतकं सफाईने कोणी करत नाही."

मी म्हटलं, "मी कुलूप घडवतो. खेळण्यात सेल घालत नाही."

रागावला नाही. विकणाऱ्याची कातडी जाडच असते. चहा पीत राहिला. मीच विचारलं, लोक तुझा माल का घेतात, खरं सांग. तर म्हणाला, "मी सुरुवातीला चोऱ्यांच्या गोष्टी सांगायचो. कोणी ढुंकून बघत नव्हतं. मग लक्षात आलं, पैसे पुरुष देतो पण पसंत बहुतेक वेळा बाई करते. नाहीतर म्हातारं माणूस. नाहीतर पोरं. चोरांचं विचारतो तो नवरा. बाकीचे विचारतात, आकडा मला पण सांगणार ना?"

मी मान हलवली. बायका, म्हातारे आणि पोरं. चकचकीत दिसलं की हात पुढे करणारी सगळी जात एकाच ठिकाणी गोळा झाली म्हणायची. सेल संपला की दाराबाहेर रडत बसतील, तेव्हा मला बोलावतील. मी जाणार नाही.

हिच्याशी अबोला नाही, पण हिने किल्लीचा विषय पुन्हा काढला नाही. पटलं असावं.

४ डिसेंबर

लेक आली आहे, तीन दिवसांसाठी. मला यायला उशीर झाला. एका कारखान्याची तिजोरी हट्टाला पेटली होती आणि अशी तिजोरी सोडून मी उठत नाही. जिना चढताना वरून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी वळणावर दिसलो तशा गप्प झाल्या. लेकीच्या अंगावर आईची शाल, आईच्या मांडीवर लेकीची बॅग. जिन्यात गारठा फार होता हे खरं.

"बाबा, अजून इथेच बसायचं असतं?" लेक म्हणाली. "मला वाटलं, मी गेल्यावर तरी बदललं असेल."

"तुझ्या आईला आवडतं."

लेकीने आईकडे बघितलं. आई पायातली चप्पल बघत होती. मी दोरी काढून दार उघडलं. सातही लिव्हर एकामागून एक उठतात, तो आवाज ऐकला की दिवसभराचा शीण जातो माझा. मागे वळून बघितलं तर त्या आवाजाचं कौतुक कोणाच्याच तोंडावर नव्हतं.

जेवताना लेकीने विचारलं, "बाबा, दिवसाला किती किल्ल्या करता तुम्ही?"

"मोजतंय कोण? मागेल त्याला."

"मागेल त्याला," ती म्हणाली. आणि भाजी वाढून घेतली. शहरात नोकरीला लागल्यापासून तिची जीभ फार तिखट झाली आहे.

६ डिसेंबर

आज जे झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वही कशासाठी काढली?

कारखान्यात दिवसभराचं काम होतं. सकाळी निघताना मी गळ्यातली दोरी काढून हिच्या हातात दिली, कारण लेकीला आज गाडीवर पोचवायचं होतं आणि मागून दाराला कुलूप घालायला कोणी हवं. अपवाद म्हणून दिली. तिजोरी दुपारीच उघडली. मी खुशीत घरी आलो, तर दारावर काळं, गुळगुळीत, पाटीच्या तुकड्याएवढं यंत्र. वडिलांचं कुलूप जागेवर नाही. जिथे ते होतं तिथे पत्र्याची चकती, चार स्क्रूंनी बसवलेली, त्यातला एक तिरका.

घरात कोणी नव्हतं. दोघी गाडीवर गेल्या असणार.

मी आकडे दाबायला लागलो. आधी माझी जन्मतारीख. टुंग नाही, टर्र असा आवाज. मग लग्नाची तारीख. टर्र. मग वडिलांनी दुकान टाकलं ते साल. त्यावर यंत्राने लाल दिवा लावला आणि बोलणंच बंद केलं. या गावात मला न उघडता आलेलं कुलूप नाही, आणि स्वतःच्या दारासमोर मी हात खाली सोडून उभा.

शेवटी पायरीवर टेकलो. पायरी इतकी गार, की विजार घातलेली आहे की नाही कळेना. वर-खाली करणाऱ्यांची ये-जा थांबत नाही. प्रत्येकासाठी गुडघे पोटाशी घ्यायचे आणि प्रत्येक जण विचारणार, "काय, बाहेर?" आणि आपण दात दाखवायचे. चौथ्या माणसाला मी दात दाखवले नाहीत.

समोरच्या वहिनींनी दार उघडलं. मला बघून काही विचारलं नाही. आत गेल्या आणि एक बुटकं स्टूल घेऊन आल्या. वर जुन्या साडीची, हाताने शिवलेली गादी. "बसा भाऊजी. ताईंचंच आहे हे. माझ्याकडे ठेवलेलं असतं."

मी बसलो. पाठ आपोआप भिंतीला टेकली आणि डोकं कशाला तरी लागलं. वळून बघितलं तर भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट काळपट डाग, ताटलीएवढा. त्याच्या शेजारी, खाली, आणखी एक, लहान. त्या लहान डागाभोवती पेन्सिलीने पाढे लिहिलेले. सातावर आडवी रेघ. आमची लेक सातावर अशीच रेघ मारायची. रंगाऱ्याला सांगायला हवं, जिन्याची पार रया गेली आहे.

आणि मग जे व्हायला नको ते झालं. कारखान्यात तीन चहा झाले होते. मी बराच वेळ दम धरला. मग वहिनींचं दार वाजवलं. माझ्या वयाच्या माणसाला शेजारणीला हे विचारायला काय वाटतं, ते विचारणाऱ्यालाच कळेल.

"जा ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "उजवीकडे. संकोच कसला? ताई रोज येतात."

मी बाहेर येऊन पुन्हा स्टुलावर टेकलो तेव्हा ही जिना चढत होती. एकटीच, हातात भाजीची पिशवी, लेकीला निरोप देऊन रडलेले डोळे. मला स्टुलावर बघून थबकली.

"अहो, तुम्ही लवकर?"

"दार उघड," मी म्हटलं.

तिने चार आकडे दाबले. एक, दोन, तीन, चार. दार टुंग झालं.

माझ्या संतापाला तोंड फुटलं. वडिलांचं कुलूप काढलं, मला विचारलं नाही, ते सगळं मागे राहिलं. मी ओरडलो, "एक-दोन-तीन-चार? शेंबडं पोर उघडेल हे! चोराला काय कठीण आहे यात?"

"चोराचं तुम्ही बघा," ही म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला चोराला अडवायचं नव्हतं. मला घरात यायचं होतं."

आणि आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं होतं. स्टूल वहिनींना परत द्यायला मला जावं लागलं. त्या म्हणाल्या, "असू द्या ना, आता तुमच्यासाठीच ठेवा." थट्टा होती की काय कोण जाणे.

७ डिसेंबर

कुलूप लेकीने आणलं. पैसे हिचे. बसवलं चकाचकच्या पोरांनी आणि जुनं काढलं कोणी, तर खुद्द चकाचकने, दोन तास खपून, फळी चिरू न देता. "सासऱ्यांच्या हातचं आहे, सांभाळून काढा," असं ही म्हणाली होती म्हणे. त्याने पैसे घेतले नाहीत. मला त्याचा फार राग येतो, कारण काम खरंच सफाईने केलं आहे. तिरका स्क्रू मी सरळ केला. हिने परत दिलेली किल्ली गळ्यात घातली आणि वडिलांचं कुलूप दुकानात नेऊन ठेवलं.

आकडा बदलायला लावला. नवा आकडा हिनेच ठरवला आणि लगेच मला सांगितला. न विचारता. "विसरलात तर पुन्हा विचारा," म्हणाली.

मी या वहीत हिचं कारण लिहायला बसलो. आधी शेजारी लिहिलं, पण समोरच्या वहिनींकडे साधं कडी-कुलूप आहे. मग फॅशन. हिच्या अंगावर तर सहा वर्षांपूर्वीची शाल. आळस लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. शेवटी हट्ट लिहिलं. खोडलं. आज डोकं चालत नाही.

१५ डिसेंबर

धंदा थंड. सकाळपासून एक सायकलची किल्ली. बसून बसून काय करायचं म्हणून वडिलांचं कुलूप उघडलं, पुसलं, तेल दिलं. आता त्याला दार नाही. मग खणात काहीतरी शोधताना ती कोरी किल्ली हाताला लागली, पहिल्या वर्षाची. पहिल्या दोन-तीन खाचा पाडून ठेवलेली. चिंधीत गुंडाळलेली होती.

व्हाइसमध्ये लावली. कानस घेतली. गळ्यातली किल्ली शेजारी ठेवून उरलेल्या खाचा पाडल्या. हात अजून शाबूत आहे. कुलपात घातली, फिरवली, सातही लिव्हर लोण्यासारखे उठले. एवढी सुंदर किल्ली वर्षात घासली नव्हती. गिऱ्हाईक आलं होतं बहुतेक, दारात उभं राहून गेलं. किल्ली व्हाइसमध्ये असताना मी उठलो नाही.

संध्याकाळी आकडे दाबून घरात गेलो. बरोबर दाबले. ही चहा घेत बसली होती. खुर्चीवर पाय वर घेऊन, शाल पांघरून, पुस्तक वाचत. या वेळेला हिला घरात पुस्तक वाचताना मी पहिल्यांदाच बघितलं. मी किल्ली टेबलावर ठेवली.

"ही कशाची?"

"आपल्या दाराची."

तिने दाराकडे बघितलं. काळं यंत्र तिथेच होतं. मला वाटलं आता हसेल, त्या दिवशी जेवताना हसली तशी, ठसका लागेपर्यंत. नाही हसली. किल्ली उचलून दिव्याखाली धरली. कुलूपवाल्याच्या घरात एवढी वर्षं राहिल्यावर तेवढं कळतंच माणसाला.

"निम्म्या खाचा काळ्या आहेत," ती म्हणाली. "निम्म्या नव्या."

मी म्हटलं, "पितळ काळं पडतंच."

"हो, पडतंच," ती म्हणाली. आणि किल्ली पर्समध्ये टाकली.